धुक्यात मागून ठोकलं. चूक कुणाची धरायची?

कुरकुंभवारी

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीचा आहे, विम्याचा आहे आणि थोडा डोकं फिरल्याचाही आहे, त्यामुळे लांबेल.

मी पुण्यात हडपसरला राहते, नोकरी सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभ एमआयडीसीत. सकाळची पाळी असली की सव्वासहाच्या आत घर सोडावं लागतं आणि जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर. लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत विशेष त्रास नसतो. यवत सोडलं की खरा प्रकार सुरू होतो. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, मधून मधून गुऱ्हाळं. रात्री आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असेल तर पहाटे शेतातून धुकं वर येतं आणि त्यात चुलवाणाचा धूर मिसळतो. हे माथेरानच्या फोटोतलं पांढरं धुकं नाही, मळकट असतं, वासही येतो. आणि सलग नसतं. दोन मिनिटं सगळं लख्ख दिसतं, मग एकदम बॉनेटच्या पुढे काही नाही.

त्या दिवशी चौफुला ओलांडून वरवंडच्या अलीकडे होते. वेग चाळीसच्या आसपास, लाइट डिपरवर, फॉग लॅम्प चालू, चारही इंडिकेटर चालू. शेजारी मगरपट्ट्यातला एक सहकारी, आम्ही आळीपाळीने गाडी काढतो. अचानक समोर उसाची टिपरं दिसली. ट्रॉली नाही दिसली, दिवा नाही दिसला, आधी ऊसच दिसला. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर अर्धा डाव्या लेनमध्ये, अर्धा कडेच्या पट्टीवर, उभा. मागे दगड नाही, फांदी नाही, रेडियमचा तुकडा नाही. मी ब्रेक मारला आणि गाडी थांबली. मधे अंतर राहिलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. उजवीकडून काढावी म्हणून आरशात बघते तोवर दोन दिवे मोठे होत आले आणि आम्ही धाडकन उसात. मार्केटयार्डात भाजी उतरवून परत निघालेला रिकामा टेम्पो होता. मागची डिकी आत, पुढची काच उसाने फुटलेली, सहकाऱ्याच्या मानेला झटका.

आता पुढचं ऐका. टेम्पोवाला उतरला तो म्हणाला, “मॅडम, धुक्यात असा ब्रेक मारतात का?” ट्रॅक्टरचा पोरगा ट्रॉलीखालून बाहेर आला, हातात पाना. तो म्हणाला, “मी तर उभाच होतो, मी कुणाला ठोकलं?” जमलेल्यांपैकी एक आजोबा म्हणाले, थंडीच असली पडलीय यंदा. पोलीस आले तोवर ट्रॅक्टर चाक बसवून पसार. सहकाऱ्याने ट्रॉलीच्या नंबरचा फोटो काढला होता म्हणून बरं. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “धुकं होतं, कुणाला काय बोलणार? आपसात मिटवा.” विम्याचा एजंट म्हणतो, तुमच्याच पॉलिसीतून दुरुस्ती करून घ्या, भानगडीत पडू नका. म्हणजे माझा पन्नास टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला. घरी सासरे म्हणतात थंडीचे दोन महिने पहाटे गाडी काढू नकोस. पाळ्या काय त्यांना विचारून लावतात का?

मला एवढंच विचारायचं आहे की या सगळ्यात गुन्हेगार फक्त धुकंच का? तीन चालक होते तिथे. धुक्याला ना लायसन्स, ना विमा, त्यामुळे त्याच्या नावावर ढकलणं सोयीचं आहे, ते समजलं. पण कायदा काय म्हणतो? आणि मी टेम्पोवाल्याच्या विम्याकडून भरपाई मागू शकते की नाही?

रिकामा_नारायणपेठी

कुरकुंभला कंपनीची बस जात नाही का?

कुरकुंभवारी

जाते. ती आकाशमार्गे जात नाही, त्याच वरवंडवरून जाते.

निवृत्त_सर्वेअर

ताई, मी मोटार सर्वेअर म्हणून, म्हणजे विम्यासाठी गाड्यांचं नुकसान तपासण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे आधी कागद, मग सहानुभूती.

पहिलं काम: सहकाऱ्याला मानेचा त्रास असेल तर डॉक्टरांचा कागद. त्या दिवशी सरकारी किंवा खासगी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, झाली असेल तर उत्तम. नसेल तर आजच जा आणि अपघाताचा उल्लेख लिहून घ्या. “नंतर दुखायला लागलं” हे वाक्य मी हजार फायलींत वाचलं आहे आणि दर वेळी समोरच्या वकिलाने त्यावर बोट ठेवलेलं पाहिलं आहे. दुसरं, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. इजा झालेली असताना “आपसात मिटवा” हा सल्ला असतो, आदेश नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवायचं, ही त्याची जबाबदारी आहे. तुमचा तो पाना घेऊन उभा असलेला पोरगा चाक बसवून निघून गेला, ही त्याची वेगळी चूक.

आता धुकं. मी आजवर एकही निवाडा पाहिला नाही ज्यात धुक्याला टक्केवारी दिली आहे. टक्के माणसांना मिळतात. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत साधी गोष्ट आहे: पुढची गाडी एकाएकी हळू झाली किंवा थांबली तरी धडक होणार नाही एवढं अंतर मागच्याने ठेवायचं. “एकाएकी” हे गृहीतच धरलेलं आहे, त्यामुळे “असा ब्रेक मारतात का” हा बचाव टेम्पोवाल्याला फार लांब नेणार नाही. धुकं होतं असं तो जितक्या जोरात सांगेल, तितका तो स्वतःविरुद्ध बोलेल. दिसत नव्हतं तर त्या वेगाने का आलास?

पण म्हणून मागचा नेहमीच शंभर टक्के दोषी, असं समजू नका. जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. कोइमतूरचा अपघात. महामार्गावर एका कारने इशारा न देता ब्रेक मारला, मागची मोटारसायकल कारवर आदळून पडली आणि तिच्या मागून आलेल्या बसने त्या मुलाच्या पायावरून चाक नेलं. पत्नी गरोदर होती, तिला मळमळत होतं म्हणून थांबलो, असं कारवाल्याचं म्हणणं. न्यायालयाने वाटणी केली ती अशी: कार ५० टक्के, बस ३०, मोटारसायकलस्वार २०. म्हणजे पुढचाही धरला जातो. तुमच्यात आणि त्या कारवाल्यात फरक हा की तुम्ही समोर अडथळा होता म्हणून थांबलात. तो अडथळा सिद्ध करणं तुमच्या हातात आहे, म्हणून ट्रॉलीचा फोटो सोन्याचा.

आणि ट्रॅक्टर. “मी तर उभाच होतो” या वाक्यावर मला अजूनही संताप येतो. धोका होईल अशा जागी वाहन सोडणं किंवा उभं ठेवणं यासाठीच कलम १२२ आहे. २०२४ च्या एका निकालात महामार्गाच्या मधोमध, दिवे आणि खुणा न लावता सोडलेल्या मोठ्या ट्रेलरवर कार आदळली होती. खालच्या न्यायालयात कारचालकाची निम्मी चूक धरली गेली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली आणि सगळा दोष ट्रेलरवाल्यांवर ठेवला.

तुमच्या प्रकरणात टक्के किती, हे मी इथे बसून सांगणार नाही. एक प्रश्न मात्र विचारतो, कारण साखळी अपघातात आम्ही सगळ्यात आधी हेच विचारायचो. आवाज किती आले, आणि पहिला कुठून? आधी मागून धक्का आणि मग पुढे काच, की आधी काच आणि मग मागून? आधी पुढे लागलं असेल तर तुम्ही वेळेत थांबला नाहीत. आधी मागून लागलं असेल तर पुढचं नुकसानही टेम्पोच्या खात्यात. सहकाऱ्याचं म्हणणं वेगळ्या कागदावर, तुमच्याशी न बोलता, त्याच्या हाताने लिहून घ्या.

बोनसचं थोडक्यात. तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, नाही. वर्षाला नक्की किती रुपये जातात ते आधी काढा. डिकी आणि पुढची काच मिळून खर्च त्याच्या कितीतरी पट असेल, तर एजंट आळशी असला तरी चुकीचा नाही. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेचं नुकसान मागता येतं, पण ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून, म्हणजे पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात. नुसत्या गाडीसाठी मी कुणाला तिथे जा म्हणणार नाही. मानेची इजा खरी असेल तर सहकाऱ्याने जरूर जावं. अर्जाची मुदत कायद्यात अपघातापासून सहा महिने अशी लिहिलेली आहे, ती डोक्यात ठेवा. दोन्ही गाड्यांचे विमे चालू आहेत का ते एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघा.

शेवटचं, तुम्हाला आवडणार नाही असं. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला दुरून लुकलुकणारं काहीतरी दिसतं, पण ते चालतंय की उभं आहे हे कळत नाही. टेम्पोवाल्याचा वकील नेमकं हेच विचारेल: अख्खा रस्ता लुकलुकत होतात, मग थांबलात हे माझ्या अशिलाला कसं कळावं?

पाटस_बागायतदार

ताई, वाईट झालं. पण ट्रॅक्टरवाल्याचं बी कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितो. माझ्या सोताच्या दोन ट्रॉल्या हंगामात पळतात.

पहिली गोष्ट, तुम्ही म्हणाल पार कडंला का न्हाय घेतली. भरल्या ट्रॉलीचं एक चाक मऊ मातीत उतरलं की ट्रॉली कलंडती. वर ऊस बाहेर आलेला असतो, तोल सगळा वरच. म्हणून ड्रायव्हर डांबर सोडत न्हाय. हे कारण हाय, माफी न्हाय.

दुसरं, रात्रीच का पळतात? ऊस तुटला की वाळायला लागतो, वजन घटतं, आणि पैसे टनावर. कारखान्याच्या काट्यावर नंबर लागलेला, मागं दहा जण. पोरगं दोन रात्रीचं जागं असतं. मालकानं विचारलं पाहिजे ते, पर मालक बी काट्याच्या पावतीकडंच बघतो. खोटं कशाला बोलू.

तिसरं रेडियमचं. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर ट्रॉल्यांना रेडियम चिकटवतात, फोटो काढतात, पेपरात येतं. पंधरा दिवसांत ते मातीनं भरतं, न्हायतर वरून वाडं, म्हंजी उसाचे शेंडे, लोंबून झाकून जातं. दिव्याची वायर मागच्या ट्रॉलीपर्यंत नेली तर गाडी खाली करताना साखळीत तुटती. मी काय करतो सांगतो. आडवा बांबू, त्याला रेडियमची पट्टी, आणि तो ऊस भरून झाल्यावर शेवटी बांधायचा, म्हणजे वाड्याच्या बाहेर येतो. बॅटरीवरचा लाल लुकलुक दिवा त्याच बांबूला. दिव्याला फार पैसे लागत न्हाईत, आठवण लागती. माझा ड्रायव्हर पहिल्या वर्षी बांबू शेतातच सोडून यायचा. मग मी सांगितलं, बांबू न्हाय तर खेपेचा भत्ता न्हाय. आता झोपंत बी बांधतो.

दगड आणि फांदी न लावणं ही मात्र शुद्ध मस्ती. आमच्या आज्याला बैलगाडीला कंदील बांधायचं कळत होतं.

म्युनिकचा_कोथरूडकर

इथला हिवाळा म्हणजे बर्फ, त्यामुळे तुमच्याशी थेट संबंध नाही, पण जबाबदारी कशी मोजतात ते सांगण्यासारखं आहे.

जर्मनीत हायवेच्या कडेला पांढरे खांब असतात, पन्नास मीटरला एक. धुकं पडलं की ड्रायव्हिंग शाळेतला मास्तर म्हणतो, खांब मोज. पुढचा खांब दिसत नसेल, म्हणजे दृश्यमानता पन्नास मीटरच्या खाली, तर वेग ५० च्या वर न्यायचा नाही. हा सल्ला नाही, रस्ता कायद्यात लिहिलेलं आहे. मागचा लाल फॉग दिवाही तेव्हाच लावायचा, एरवी लावला तर दंड, कारण तो मागच्याच्या डोळ्यांत जातो. भारतीय हवामान खातंही पन्नास मीटरच्या खालच्या धुक्याला अतिदाट म्हणतं, म्हणजे आकडा तोच आहे, फक्त आपल्याकडे तो बातम्यांत असतो आणि इथे स्पीडोमीटरवर.

आकडेमोड करून बघा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डोळ्याने पाहिलं आणि पाय ब्रेकवर गेला यात दीड सेकंद धरला तर ३३ मीटर नुसते विचारात गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी पस्तीसेक. दवाने ओला असेल तर जास्त. ताशी ४० ला हे सगळं पंचवीसेक मीटरमध्ये आटोपतं. ताई चाळीसला होत्या आणि थांबल्या, टेम्पो थांबला नाही. रिकामा टेम्पो, मागचा भाग हलका. त्याने किती वेग ठेवला होता याचा अंदाज येतो.

टायरचंही तसंच. इथे “अमुक तारखेपासून विंटर टायर” असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ असेल, चिखलबर्फ असेल, तर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेला टायर हवा. नसेल तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. बर्फ पडला यात ड्रायव्हरचा दोष नाही हे सगळ्यांना मान्य असतं. त्या टायरवर गाडी बाहेर काढलीस का, एवढंच विचारतात. अपघात झाला तर तुझा स्वतःचा विमाही त्यावरून पैसे कापू शकतो.

याचा अर्थ इकडे सगळे शहाणे असं नाही. धुक्यात एकामागून एक गाड्या आदळण्याचे प्रकार इथेही होतात आणि त्यातही कुणीतरी १३० ने येत असतोच. आपल्याकडे यमुना एक्सप्रेसवेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी कारची मर्यादा १०० वरून ७५ करतात. सोलापूर रस्त्यावर यवत ते पाटस एवढ्या पट्ट्यात पहाटेपुरतं असं काही करायला काय हरकत आहे?

रिकामा_नारायणपेठी

पाटी लावतील. धुक्यात ती दिसणार नाही.

कुरकुंभवारी

सगळ्यांचे आभार, नारायणपेठींचेसुद्धा.

सर्वेअर काका, तुमचा आवाजाचा प्रश्न वाचून मी सहकाऱ्याला काहीच न सांगता कागद दिला. त्याने लिहिलंय: “थांबलो. मी म्हटलं, बाप रे. मग मागून बसला आणि ऊस आत आला.” ते “बाप रे” मधे आहे, म्हणजे थांबणं आणि धडक यात तेवढा वेळ तरी होता. त्याच्या मानेला पट्टा दिला आहे, डॉक्टरांचा कागद त्याच दिवशीचा आहे. अर्ज लिहून ठाण्यात दिला. पोच आधी देत नव्हते, कलम १३४ लिहिलेलं वाचल्यावर दिली. टेम्पोचा विमा चालू आहे. ट्रॅक्टरचा दिसतोय, ट्रॉलीचं काहीच दिसत नाही.

बोनसचा हिशोब केला. एजंटला मी मनात बरंच बोलले होते, पण दुरुस्तीचा आकडा पाहता क्लेम करणंच बरं पडतं. करतेय. दावा सहकाऱ्याच्या नावाने वकिलाकडे देतोय.

इंडिकेटरचं मात्र मला पटलेलं नाही, काका. या रस्त्यावर सगळे लावतात आणि मी एकटीने लावले नाहीत तर मीच दिसणार नाही. तुमचं तर्काने बरोबर असेल, पण पहाटे वरवंडपाशी तर्क चालवत कुणी येत नाही. मागचा फॉग दिवा माझ्या गाडीला नाहीच, तो बसवून घ्यायचा विचार आहे.

निवृत्त_सर्वेअर

मागचा लाल दिवा बसवा. तो लागला की इंडिकेटरची गरज तुमची तुम्हालाच वाटणार नाही. आणि वायरिंग कापून काही जोडू देऊ नका, नाहीतर पुढच्या क्लेमला माझ्यासारखाच कुणीतरी खवचट म्हातारा येऊन तेवढंच बघेल.

ट्रॉलीचं दिसत नाही याचा अर्थ ती वेगळी नोंदलेली नसेल किंवा विमाच नसेल. वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. विमा नसला तर पैसे मालकाकडून वसूल करावे लागतात, म्हणून मालकाचं नाव लागणार.

पाटस_बागायतदार

ताई, ट्रॉलीच्या नंबरचा फोटो मला व्यक्तिगत निरोपात धाडा, इथं टाकू नका. ट्रॉली आमच्या कारखान्याला येत असली तर काट्यावर कुणाच्या खात्यावर वजन पडतं ते कळंल. गावातलाच माणूस निघाला तर माझ्यावर रुसंल, रुसू दे. सोमवारी माझी खेप हाय, तवा विचारतो.

कुरकुंभवारी

धाडला. सोमवारची वाट बघते.